बंद घर उघडलं आणि पाण्याला वास? आधी वासाचा पत्ता शोधा, मग उपाय करा

कोकणातल्या आपल्या गावांमध्ये वर्षातले आठ-दहा महिने कुलूपबंद राहणारी घरं आता थोडीथोडकी नाहीत. घरातलं कुणी कुवेतला, कुणी कतारला, कुणी मुंब्र्याला, कुणी कुर्ल्याला. मे महिन्याची सुट्टी लागली, ईद जवळ आली किंवा घरात निकाह ठरला की कुलूप उघडतं. झाडलोट होते, गाद्या उन्हात पडतात. मग कुणीतरी वुजू करायला नळ उघडतं आणि सडक्या अंड्यांसारखा वास येतो.

इथून पुढे प्रत्येकाचा सल्ला वेगळा असतो. कुणी म्हणतं तुरटी फिरवा, कुणी म्हणतं ब्लीचिंग टाका, कुणी तर टाकीत फिनेल ओतायला निघतो. शेवटी हजार लिटरची भरलेली टाकी ओतून दिली जाते, तीही ऐन मे महिन्यात, जेव्हा विहिरीनं तळ गाठलेला असतो आणि टँकरची वाट बघावी लागते. एवढं करून दुसऱ्या दिवशी वास तसाच राहतो, कारण तो टाकीत नव्हताच. तो गीझरमध्ये होता, नाहीतर मोरीच्या नहाणी ट्रॅपमध्ये.

म्हणून आमचं सांगणं सरळ आहे. वासाला एक पत्ता असतो. तो पत्ता सापडल्याशिवाय पाण्यात काहीही ओतू नका आणि पाणी फेकूनही देऊ नका. हा पत्ता शोधायला पाच-दहा मिनिटं लागतात, खर्च काही नाही. काही वेळा वास नुसता त्रासदायक असतो, काही वेळा तो खऱ्या धोक्याचा इशारा असतो. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे.

वास नेमका कशाचा?

सडक्या अंड्यांचा वास हा हायड्रोजन सल्फाइड नावाच्या वायूचा असतो. पाण्यात सल्फेट नावाचे क्षार थोड्याफार प्रमाणात असतातच. पाणी वाहतं असेल, त्याला हवा लागत असेल तर काही बिघडत नाही. पण तेच पाणी महिनोन्‌महिने टाकीत, पाइपात किंवा गीझरमध्ये साचून राहिलं की त्यातला प्राणवायू संपत जातो. तळाच्या गाळात आणि पाइपाच्या आतल्या बुळबुळीत थरात काही जिवाणू असे असतात, ज्यांना जगायला प्राणवायू लागत नाही. ते सल्फेटवर जगतात आणि हा वायू बाहेर टाकतात.

आपलं नाक या वायूच्या बाबतीत फार तिखट आहे. अगदी नखभर प्रमाण असलं तरी वास येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात याची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी कमी ठेवली आहे. नळाच्या पाण्यात एवढ्या कमी प्रमाणात असलेल्या या वायूमुळे सहसा विषबाधा होत नाही, कारण त्याच्या आधीच माणूस तो ग्लास बाजूला ठेवतो. पण पाणी साचलेलं होतं, त्यात जिवाणू वाढले आहेत, एवढी खबर तो वास नक्की देतो.

घरात याची आणखी एक खूण दिसते. चांदीची अंगठी किंवा तांब्या-पितळेची भांडी या पाण्यानं लवकर काळी पडतात.

सगळेच वास मात्र अंड्यांचे नसतात. मातकट, शेवाळी वास आला तर टाकीत उजेड शिरून शेवाळ धरलेलं असतं. नव्या टाकीला किंवा नव्या पाइपाला प्लास्टिकचा वास येतो, तो काही दिवसांच्या वापरानं कमी होतो. गटाराचा, मैल्याचा किंवा कुजलेल्या प्राण्याचा वास ही वेगळी आणि गंभीर गोष्ट आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

पाच मिनिटांची तपासणी

काचेचे दोन स्वच्छ ग्लास घ्या.

१. एका ग्लासात बेसिनच्या थंड नळाचं पाणी भरा आणि तो ग्लास घेऊन अंगणात या. मोरीजवळ उभं राहून वास घेऊ नका. बाहेर मोकळ्या हवेत ग्लास हलवून वास घ्या. बाहेर वास येत नसेल तर पाणी ठीक आहे, वास मोरीतून येतोय.

२. दुसऱ्या ग्लासात गीझरच्या नळाचं पाणी भरून तसंच करा. थंड पाण्याला वास नाही आणि गरम पाण्याला आहे, तर दोष गीझरचा.

३. दोन्ही पाण्याला वास आहे, आणि घरातल्या सगळ्या नळांना आहे, तर टाकी किंवा तिच्याही मागे विहीर-बोअर.

४. एकाच नळाला वास आहे, तर त्या नळाचा पाइप किंवा नळाच्या तोंडाची जाळी. जाळी काढून घासा आणि दोन-तीन मिनिटं पाणी सोडा. वास गेला तर तो पाइपात साचलेल्या पाण्याचा होता. विषय संपला.

५. टाकीवर संशय असेल तर पंप चालू करून टाकीत पडणाऱ्या धारेखालीच ग्लास धरा. त्या ताज्या पाण्यालाही वास असेल तर टाकी निर्दोष आहे, वास मुळातूनच येतोय.

एक काळजी घ्या. या वायूच्या सान्निध्यात राहिलं की नाक थकतं आणि वास येईनासा होतो. त्यामुळे सकाळपासून त्याच घरात वावरणाऱ्यानं निकाल देऊ नये. शेजारच्या कुणाला तरी बोलवा आणि त्याच्या नाकावर भरवसा ठेवा.

पत्ता पहिला: नहाणी ट्रॅप

सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त वेळा विसरला जाणारा पत्ता हाच. मोरीच्या जाळीखाली, बेसिनखाली आणि संडासाच्या भांड्यात पाइपाला मुद्दाम बाक दिलेला असतो. त्या बाकात थोडं पाणी कायम थांबतं आणि तेच गटाराच्या वासाला आडवं येतं. घर तीन-चार महिने बंद राहिलं की हे पाणी वाळून जातं, दार उघडं पडतं आणि सेप्टिक टँकचा वास थेट घरात येतो. आपण नळ उघडायला बाथरूममध्ये जातो, तिथे वास येतो आणि बोल पाण्याला लागतो.

उपाय एवढाच की प्रत्येक मोरीत, बेसिनमध्ये आणि संडासात एक-दोन तांबे पाणी ओता. खिडक्या उघडून तासभर थांबा. वरच्या मजल्यावरची न वापरलेली मोरी आणि वॉशिंग मशीनची मोरी विसरू नका. यानंतरही वास राहिला तर ट्रॅपमध्ये केस आणि साबणाचा गाळ अडकलेला असेल. हातमोजे घालून तो काढा आणि गरम पाणी ओता.

पत्ता दुसरा: गीझर

गरम पाण्यालाच वास येत असेल तर कारण समजून घेण्यासारखं आहे. १५-२५ लिटरच्या साठवणीच्या गीझरमध्ये बहुतेक वेळा मॅग्नेशियमची एक कांडी बसवलेली असते. मेकॅनिक तिला ॲनोड रॉड म्हणतात. गीझरची लोखंडी टाकी गंजू नये म्हणून तिच्या वाटणीचा गंज ही कांडी स्वतःवर घेते आणि हळूहळू झिजते. पण या झिजण्यातून जे घडतं ते वास करणाऱ्या जिवाणूंच्या पथ्यावर पडतं. पाणी साचलेलं, अंधार, कोमटपणा आणि वर ही कांडी. त्यामुळे थंड पाणी स्वच्छ असूनही गरम पाणी वास मारतं.

आधी साधा उपाय करा. गरम पाण्याचा नळ उघडून आतलं सगळं जुनं पाणी वाहून जाऊ द्या. २५ लिटरच्या गीझरला तीन-चार बादल्या पाणी पुरतं, आणि ते पाणी अंगण धुवायला किंवा संडासात वापरता येतं. मग थर्मोस्टॅट ६० अंशांच्या वर नेऊन दोन-तीन तास पाणी तापत ठेवा. या तापमानाला ते जिवाणू मरतात. त्यानंतर ते पाणीही सोडून द्या. नळातून येणारं पाणी या वेळी चटका देणारं असतं, तेव्हा लहान मुलांना आणि बुजुर्गांना बाथरूमपासून लांब ठेवा. गीझरवरचा दाबाचा वॉल्व्ह नीट काम करतो ना, हेही एकदा बघून घ्या.

एवढ्यावर काम झालं नाही तर मेकॅनिकला बोलवा. मेन स्विच बंद करून, येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करून, खालून गीझर पूर्ण रिकामा करायला सांगा. तळाशी साठलेले क्षार आणि गाळ बाहेर येतील. ॲनोड रॉड त्याच वेळी तपासून घ्या. ती झिजून तार उरली असेल तर बदला. दरवर्षी हाच त्रास होत असेल तर ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी मिळते का विचारा, तिच्यानं वास कमी होतो. काही मेकॅनिक ती कांडी काढूनच टाकायला सांगतात. तसं करू नका. वास जाईल, पण गीझर आतून गंजायला सुरुवात होईल.

एक नियम कायम लक्षात ठेवा. गरम नळातून पाण्याची धार आल्याशिवाय गीझरचा स्विच चालू करायचा नाही. रिकामा गीझर चालू केला की कॉइल जळते.

पत्ता तिसरा: गच्चीवरची टाकी

तपासणीत टाकीच दोषी ठरली तर मात्र पूर्ण सफाई करावी लागते. आधी झाकण उघडून आत बघा. तळाशी गाळ किती, भिंतींना शेवाळ आहे का, पाल, उंदीर, पक्षी पडलेला आहे का. झाकण तडकलेलं असेल किंवा ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नसेल तर सफाई करून उपयोग नाही, आधी ते दुरुस्त करा.

पाण्यात मेलेलं काही नसेल आणि गटाराचा वास नसेल तर टाकीतलं जुनं पाणी वाया घालवू नका. संडासाला, अंगणाला, झाडांना वापरून ते संपू द्या. टाकी तळाला आली की कामाला लागा.

- तळाचा गाळ बाहेर काढा आणि लांब दांड्याच्या ब्रशनं भिंती, तळ आणि झाकणाची आतली बाजू घासा. साबण किंवा फिनेल वापरू नका. प्लास्टिकच्या टाकीत फिनेल गेलं की त्याचा वास काढणं अंड्यांच्या वासापेक्षा कठीण होतं, आणि ते पोटात जाण्याची चीज नाही.

- दोनदा स्वच्छ पाण्यानं धुवा. टाकीच्या तळाच्या कॉकमधून सगळं बाहेर जाऊ द्या, घरातल्या नळांकडे सोडू नका. नाहीतर गाळ पाइपात जाऊन बसेल.

- आता टाकी भरा आणि क्लोरिन द्या. ग्रामपंचायतीत टीसीएल पावडर म्हणून जी असते तीच ही ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरिन असतं, पण डबा उघडा राहिला किंवा ओल लागली की ते कमी होतं. साधारण २५ टक्के धरून हिशेब असा: १००० लिटर पाण्याला २०० ग्रॅम, ५०० लिटरला १०० ग्रॅम. द्रव ब्लीच वापरणार असाल तर ते बिनसुगंधाचं, ५ टक्क्यांचं घ्या. १००० लिटरला १ लिटर, ५०० लिटरला अर्धा लिटर.

- पावडर कोरडीच टाकीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग बादलीभर पाणी घालून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसेल. वरचं निवळलेलं पाणी तेवढं टाकीत ओता. हातमोजे घाला, नाका-तोंडाला कपडा बांधा आणि हे काम उघड्यावर करा.

- घरात आरओ किंवा दुसरा वॉटर प्युरिफायर असेल तर त्याचा कॉक आधी बंद करा. एवढ्या कडक क्लोरिननं आरओची जाळी खराब होते.

- आता घरातला प्रत्येक नळ, थंड आणि गरम दोन्ही, क्लोरिनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. गीझरचा स्विच बंदच राहू द्या. अशा रीतीनं औषध पाइपात आणि गीझरमध्येही पोहोचतं. रात्रभर, निदान बारा तास, हात लावू नका. या काळात हे पाणी प्यायचं नाही, स्वयंपाकाला घ्यायचं नाही, अंगावरही घ्यायचं नाही.

- दुसऱ्या दिवशी सगळं पाणी सोडून द्या. सेप्टिक टँकमध्ये, विहिरीजवळ किंवा परसातल्या झाडांना ते जाऊ देऊ नका. मोकळ्या जागेत पसरून सोडा. ताजं पाणी भरा, सगळे नळ वाहू द्या आणि क्लोरिनचा उग्र वास गेला की वापर सुरू करा.

एक गोष्ट जीव वाचवणारी आहे, म्हणून वेगळी सांगतो. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड, व्हिनेगर किंवा क्षार काढायचं कुठलंही औषध एकत्र करू नका. एकाच बादलीत नको, एकापाठोपाठ एकाच मोरीतही नको. त्यातून विषारी क्लोरिन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो श्वास कोंडायला पुरेसा आहे.

रोजच्या वापरातलं पाणी शुद्ध करायचं प्रमाण यापेक्षा फार कमी असतं हेही समजून घ्या. १००० लिटरला चांगल्या पावडरीचे साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे चहाचा भरलेला एक चमचाही नाही, आणि त्यानंतर एक तास थांबायचं. सफाईचं प्रमाण आणि पिण्याचं प्रमाण यांची गल्लत होऊ देऊ नका.

पत्ता चौथा: विहीर किंवा बोअर

पंपाच्या ताज्या धारेलाच वास असेल तर घरात काहीही साफ करून फरक पडणार नाही. बोअरच्या खोल पाण्यात हवा पोहोचत नाही, त्यामुळे काही ठिकाणी हा वायू मुळातच विरघळलेला असतो. वर्षभर उपसा न झालेल्या विहिरीच्या तळाला पालापाचोळा कुजूनही वास धरतो. अशा वेळी पाणी टाकीत पडताना कारंज्यासारखं, हवा लागेल अशा रीतीनं पडू द्या. हवेनं बराच वास उडून जातो. विहीर असेल तर उपसा करून गाळ काढून घ्या. पाण्याबरोबर तांबूस, चिकट गाळ येत असेल तर लोहाचा आणि लोहावर वाढणाऱ्या जिवाणूंचा प्रश्न असतो. त्याला वेगळी गाळणी लागते.

अंदाजावर फिल्टर विकत घेऊ नका. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्यात असतात, तिथे पाण्याची तपासणी होते. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विचारा, नमुना कसा घ्यायचा आणि कुठे द्यायचा हे तो सांगेल. गावपातळीवर एक छोटी बाटली मिळते, तिच्यात पाणी भरून ठेवलं की एक-दोन दिवसांत ते काळं पडतं किंवा पडत नाही. काळं पडलं तर पाण्यात मैल्याचे जिवाणू असण्याची शंका धरावी. ही तपासणी वासापेक्षा महत्त्वाची आहे, कारण मैला मिसळलेलं पाणी कित्येकदा बिनवासाचं आणि दिसायला नितळ असतं.

गटाराचा वास आला तर थांबा

अंगणात नेलेल्या ग्लासातल्या पाण्यालाच मैल्याचा किंवा कुजका वास येत असेल, पाणी गढूळ असेल, टाकीत मेलेला प्राणी सापडला असेल किंवा विहिरीत पुराचं पाणी शिरलं असेल तर हा नुसत्या त्रासाचा विषय राहत नाही. हे पाणी पिणं, त्यानं तोंड धुणं, भांडी धुणं, सगळं बंद करा. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूण बुडालं तेव्हा पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं. अशा पुरानंतर विहीर आणि जमिनीखालची टाकी मैला मिसळली आहे असंच धरून चालावं.

अशा पाण्यातून टायफॉइड, कॉलरा, हगवण आणि कावीळ होते. काविळीतला हिपॅटायटिस ई हा प्रकार गरोदर बायकांसाठी जिवावर बेतणारा असतो. सुट्टीत आलेल्या सुनेला, मुलीला दिवस गेले असतील तर या बाबतीत जराही हयगय नको. दुसरी सोय होईपर्यंत सुरक्षित ठिकाणचं पाणी आणा आणि तेही खळखळून उकळून घ्या. मैल्याच्या पाण्यात ब्लीचिंग टाकून तेच पाणी वापरायला काढू नका. आधी गळती शोधा. सेप्टिक टँक आणि विहीर यांच्यातलं अंतर, फुटलेला पाइप, टाकीजवळून गेलेली गटाराची लाइन, हे सगळं बघा.

टाकीत माणूस उतरवू नका

ज्या वायूचा नळाला वास येतो, तोच वायू बंद जागेत साठला तर माणूस मारतो. नाकाला वास येतोय तोवर आपण सावध असतो. पण वायूचं प्रमाण खूप वाढलं की वास येणंच बंद होतं आणि माणसाला वाटतं, आता हवा चांगली झाली. सेप्टिक टँकमध्ये एक उतरतो, तो पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. जमिनीखालची, बऱ्याच महिन्यांपासून बंद असलेली पाण्याची टाकीही अशीच असते. तिथे प्राणवायू कमी असू शकतो.

म्हणून घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या एखाद्या सडपातळ पोराला "तू जरा उतर रे" म्हणून टाकीत सोडायचं नाही. गच्चीवरची छोटी टाकी बाहेरूनच लांब ब्रशनं घासा. जमिनीखालच्या टाकीचं काम साधनं असलेल्या सफाईवाल्यांना द्या, झाकणं बराच वेळ आधी उघडा, बाहेर माणूस उभा ठेवा. सेप्टिक टँक तर यंत्रानंच उपसायचा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवणं हा २०१३ च्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. वाचलेल्या चार पैशांपेक्षा कुणाच्याही घरचा मुलगा मोठा आहे.

अशा पाण्यानं वुजू होतो का?

हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. फिकहच्या किताबांत पाण्याचा रंग, चव आणि वास या तीन गोष्टी बघितल्या जातात. फार दिवस साचून राहिल्यानं, शेवाळ किंवा माती मिसळल्यानं पाण्याचा वास बदलला असेल तर ते पाणी पाकच राहतं, त्यानं वुजू आणि गुस्ल होतो. पण नजासत पडून त्या तिघांपैकी एकही गोष्ट बदलली असेल तर पाणी कितीही जास्त असो, ते नापाक ठरतं. टाकीत प्राणी मेला आणि पाण्याचं काहीच बदललं नाही, अशा वेळी किती पाणी होतं आणि कुठला प्राणी होता यावरून शाफई आणि हनफी मसलकांत तपशिलाचे फरक आहेत. तिथे आपापल्या मस्जिदीच्या इमाम साहेबांना विचारावं.

म्हणजे वासाचा पत्ता शोधणं इथेही कामाला येतं. गीझरमधला वास आणि गटाराचा वास, दोन्हींचा हुकूम एक नाही. दुसरी गोष्ट, पाक पाणी आणि पिण्यालायक पाणी हे दोन वेगळे सवाल आहेत. साचलेलं पाणी वुजूला चालत असलं तरी त्यात जंतू असू शकतात. वुजूत आपण तोंडात आणि नाकात पाणी घेतो, लहान मुलं ते गिळतात. तेव्हा शक्य असेल तिथे आधी नळ वाहू द्या, मग वुजू करा.

मस्जिदीच्या जमातीनंही याकडे बघावं. वुजूखान्याचे नळ दिवसातून पाच वेळा वाहतात, तिथे पाणी साचत नाही. पण मय्यतच्या गुस्लसाठी ठेवलेली खोली, मदरशाचं सुट्टीत बंद असलेलं बाथरूम, वरच्या मजल्यावरचे नळ, या लाइनी महिनोन्‌महिने तशाच राहतात. आठवड्यातून एकदा कुणीतरी ते नळ पाच मिनिटं उघडावेत. रमजानच्या आधी, शाबानमध्येच, टाकी साफ करून तिच्यावर तारीख लिहून ठेवावी.

घर उघडल्याचा पहिला दिवस

आल्याबरोबर शॉवर घेऊ नका. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जाऊन न्यूमोनियासारखा आजार करतो. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात एका हॉटेलातल्या संमेलनात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. बुजुर्ग, दम्याचे रुग्ण आणि विड्या-सिगारेटी ओढणारे यांना त्याचा धोका जास्त. आधी खिडक्या उघडा. शॉवर आणि जेट स्प्रेचं तोंड काढून ठेवा आणि प्रत्येक नळ पाच मिनिटं संथ धारेनं वाहू द्या, पाणी बादल्यांत धरा. मग मोऱ्यांमध्ये पाणी ओता, ग्लासाची तपासणी करा आणि त्यानंतरच गीझर चालू करा. प्युरिफायरचं जुनं पाणी पूर्ण काढा, महिनोन्‌महिने ओले पडलेले फिल्टर बदलून घ्या. पहिल्या दिवसापुरतं पिण्याचं पाणी बाहेरून आणलेलं बरं.

घर बंद करताना पंधरा मिनिटं

खरा इलाज परत जाण्याच्या दिवशी असतो. गाडी दारात उभी असताना कुणाला सुचत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळीच करून टाका.

- टाकी रिकामी करा, तळ पुसून कोरडा करा आणि झाकण घट्ट बसवा. ओव्हरफ्लोला जाळी लावा.
- मेन स्विच बंद करून गीझर खालून रिकामा करा. त्यावर "रिकामा आहे, आधी पाणी भरा" अशी चिठ्ठी चिकटवा. पुढच्या वेळी कुलूप उघडणारा कुणी दुसराच असू शकतो.
- पाण्याचा मुख्य कॉक बंद करून सगळ्यात खालचा नळ उघडा, म्हणजे पाइपातलं पाणी उतरून जाईल.
- प्रत्येक नहाणी ट्रॅपमध्ये आणि बेसिनमध्ये पाणी ओता आणि वरून दोन-तीन चमचे खाण्याचं तेल सोडा. तेलाचा पातळ थर पाण्यावर तरंगतो आणि ते लवकर वाळू देत नाही.
- प्युरिफायर रिकामा करून फिल्टर काढून ठेवा.
- चावी ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांना किंवा नातेवाइकांना सांगा की पंधरा दिवसांतून एकदा मोऱ्यांमध्ये तांब्याभर पाणी ओता. टाकी भरलेली ठेवणार असाल तर नळही थोडा वेळ वाहू द्यायला सांगा.

ही यादी एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावून ठेवा. त्याच्याच खाली टाकी कधी साफ केली, ॲनोड रॉड कधी बदलली आणि पाणी कधी तपासलं याच्या तारखा लिहा. पुढच्या वर्षी वास आलाच तर चार जणांचे चार सल्ले ऐकण्याआधी तो कागद वाचा. पत्ता बहुतेक वेळा तिथेच सापडेल.